ठेंगी

डोंगरातली बंद पडलेली छोटी रेल्वे पुन्हा सुरू करायला निघालेल्या मंडळाकडे सगळं होतं, फक्त इंजिन नव्हतं. रूळ साफ झाले होते, स्टेशनवर नवं छप्पर चढलं होतं, तिकिटांचा रंग कोणता असावा यावरून भांडणंही होऊन गेली होती. पण ज्या इंजिनांनी ही गाडी पूर्वी ओढली ती केव्हाच भंगारात गेली होती, आणि तशी आता कुणी बनवत नव्हतं.

शोधायचं काम सेक्रेटरीच्या गळ्यात पडलं आणि त्याने ते आनंदाने पडू दिलं. रेल्वेच्या वर्कशॉपमधून फोरमन म्हणून निवृत्त झालेला माणूस. लग्न केलं नव्हतं. इंजिन सोडून दुसऱ्या विषयावर कुणी बोलायला लागलं की तो सरळ उठून जायचा. मंडळातले लोक पाठीमागे त्याला 'वाफाळ' म्हणत, पण त्याच्याशिवाय त्यांचं पान हलत नव्हतं.

इंजिन नुसतं जुनं असून भागणार नव्हतं. रुळांमधलं अंतर फक्त दोन फूट. वळणं अशी की लांब इंजिन तिथे रुळावरून उतरलंच असतं. मधला लोखंडी पूल थकलेला, त्याला जड काही सोसलं नसतं. म्हणजे इंजिन आखूड हवं, हलकं हवं, आणि तरी चढावर डबे ओढणारं हवं. सेक्रेटरी गावोगाव फिरला. एक इंजिन बागेत सापडलं, पिवळ्या रंगात रंगवलेलं. पोरांनी आत शिरू नये म्हणून त्याची भट्टी सिमेंटने भरून टाकली होती. एक बंद पडलेल्या साखर कारखान्यात होतं, दृष्ट लागेल असं, पण त्याच्या वजनाने पूल बसला असता. तिसऱ्याची चाकं सहा इंचांनी रुंद निघाली. विकणारा म्हणाला, त्यात काय, चाकं थोडी आत सरकवायची. सेक्रेटरी म्हणाला, "आधी तुमचे दात आत सरकवून बघू, जमलं तर चाकांचं बघू."

मग मंडळातल्या एका सर्व्हेअरने एक फोटो आणला. चुन्याच्या बंद खाणीजवळ कुणाच्या तरी परसातली शेड, आणि तिच्यात चार चाकांचं, बुटकं, पाठीवर खोगिरासारखी पाण्याची टाकी घेतलेलं इंजिन. पितळ चकचकीत. शेजारी एक म्हातारा हातात तेलाचा बोळा घेऊन हसत उभा. फोटो सगळ्यांच्या हातांतून फिरला. सेक्रेटरीने मात्र तो बराच वेळ खाली ठेवला नाही. म्हातारा त्याच्या ओळखीचा होता. त्याच्या धाकट्या बहिणीचा नवरा होता तो.

बहिणीने लग्न केलं तेव्हा हा माणूस खाणीच्या इंजिनावर फायरमन होता, दिवसभर भट्टीत कोळसा टाकायचा. सेक्रेटरीने तेव्हाच सांगून टाकलं होतं की काळ्या तोंडाचा जावई या घरात चालणार नाही, आणि गेलीस तर परत यायचं नाही. ती गेली. पुढे आई अंथरुणाला खिळल्याचं कळलं तेव्हा ती पहिल्या गाडीने आली. भावाने दार उघडलं नाही. खिडकीतून म्हणाला, आई झोपलीय. ती संध्याकाळपर्यंत अंगणात उभी राहिली, शेजाऱ्यांनी पाणी दिलं ते प्यायली आणि परत गेली. त्याच आठवड्यात आई वारली. ते तिला दूधवाल्याकडून कळलं, सगळं आटोपल्यावर.

त्यानंतर दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं. मंडळाला यातलं काही ठाऊक नव्हतं. सेक्रेटरीने एवढंच सांगितलं की मालक नात्यातला आहे, मी बोलतो.

तो गेला तेव्हा दुपार होती. बहीण दारात तांदूळ निवडत बसली होती. नवरा पुढे ड्रायव्हर झाला म्हणून सगळी वस्ती तिला ड्रायव्हरीण म्हणायची. केस पांढरे झाले होते, अंगाने सुटली होती. तिने भावाला ओळखलं आणि सुपावरचा हात थांबला. तो "कशी आहेस" म्हणाला, पण म्हणता म्हणता त्याची नजर तिच्या डोक्यावरून मागच्या शेडकडे गेली होती.

"तिकडे आहे का?" त्याने विचारलं.

तिने सूप खाली ठेवलं. तो तिला ओलांडून गेला.

ड्रायव्हरला मात्र आभाळ ठेंगणं झालं. मेहुणा आला, तोही इंजिन बघायला. जुनं काही त्याने मनात ठेवलं नव्हतं. त्याच्या मनात फारसं काही राहतच नसे, एक ती ठेंगी सोडून. इंजिनाला तो ठेंगी म्हणायचा. खाण बंद झाली तेव्हा मालकाने बाकी सगळं विकलं आणि ठेंगी ड्रायव्हरिणीच्या नावावर करून दिली, कारण त्याच्या शेवटच्या आजारपणात हिनेच त्याची उस्तवार केली होती. मालक हसत म्हणाला होता की तुझ्या नवऱ्याला दिली तर तो तिच्यातच झोपेल. तुझ्या नावावर असली तर निदान जेवायला घरात येईल.

सेक्रेटरी पट्टी काढून खाली शिरला. चाकांच्या धावा मोजल्या, भट्टीच्या पत्र्यावर हातोडीने ठोकून कान लावला, बॉयलरच्या नळ्यांत बॅटरी मारून पाहिली. बाहेर आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर असं काही होतं की ड्रायव्हरिणीने ते माहेरच्या घरात कधी पाहिलं नव्हतं, आई जिवंत असतानाही नाही.

"नळ्या बदलाव्या लागतील," तो म्हणाला. "बाकी हेच पाहिजे होतं. आणि मेहुणे, हे चालवणार तुम्ही. दुसरं कोण चालवणार?"

ड्रायव्हरने बायकोकडे पाहिलं. सणसणीत भूक लागलेल्या माणसाने ताटाकडे बघावं तसं. ती म्हणाली, "बघू," आणि चहा ठेवायला आत गेली. रात्री नवरा तिच्या मागे लागला. हट्ट असा तो कधी करत नसे. म्हणाला, एकदाच गं, एकदा डबे ओढताना तिला बघायचंय, मग मी मरायला मोकळा. शेवटी ती म्हणाली, घ्या करून काय करायचं ते.

मग दर रविवारी सेक्रेटरी येऊ लागला. सोबत अवजारांची पेटी, कधी मंडळाचा वेल्डर. दोघं म्हातारे अंगभर काजळी फासून शेडमध्ये पडलेले असायचे. जुन्या नळ्या उपसल्या, नव्या बसवल्या, पाण्याचा दाब देऊन बॉयलर तपासला, तो थेंबभरही गळला नाही. ड्रायव्हर दहा वर्षांनी तरुण दिसायला लागला. जेवताना दोघं बोलायचे ते नुसतं व्हॉल्व आणि वाफ. ड्रायव्हरीण वाढायची. भाऊ तिच्या हातचं पोटभर जेवायचा, आणखी मागून घ्यायचा, आणि हात धुऊन थेट शेडमध्ये. घर कसं चाललंय, मूल का झालं नाही, तुझे गुडघे का दुखतात, यातलं त्याने एकदाही विचारलं नाही. माफीचा तर प्रश्नच नव्हता. आपण काही केलं होतं हे त्याच्या लक्षात तरी आहे का, असं तिला कधी कधी वाटायचं.

तरीही ती वाट पाहत होती. आज नाही तर पुढच्या रविवारी बोलेल. लोक म्हातारपणी मऊ होतात म्हणतात.

एका रविवारी ड्रायव्हर वस्तीत ग्रीस आणायला गेला होता. सेक्रेटरी इंजिनाखाली उताणा पडून नट आवळत होता. ती चहा घेऊन आली आणि कप खाली ठेवून तिथेच उभी राहिली. इतकी वर्षं घशात अडकलेलं विचारायला तिला त्याचा चेहरा दिसत नव्हता तेच बरं होतं.

"दादा, आई शेवटी काही म्हणाली का रे?"

खालून पान्याचा आवाज चालूच राहिला.

"तुलाच हाका मारत होती," तो म्हणाला. "दिवसभर तेच. तू अंगणात होतीस ना, तेव्हासुद्धा. डोळा लागू दिला नाही तिने कुणाचा." मग त्याचा हात बाहेर आला. "तो मोठा पाना दे जरा."

तिने पाना उचलला. तो जड होता. तिने तो त्याच्या हातात दिला आणि चहा गार होतोय म्हणून सांगितलं.

त्या दिवसापासून ती बदलली, आणि नवऱ्याला वाटलं भावाबहिणीचं जुळलं. ती शेडमध्ये येऊन बसायला लागली. कुठला भाग काय करतो ते विचारायला लागली. नवरा हरखून सांगायचा. सगळ्यांत जपायचं काय, असं तिने विचारलं तेव्हा तो म्हणाला, बॉयलर. बाकी सगळं पुन्हा घडवता येतं, पण बॉयलर गेला की इंजिन गेलं. तिने मान हलवली.

ठेंगीला न्यायचा दिवस ठरला. त्याच्या आदल्या दिवशी सेक्रेटरीने ड्रायव्हरला डोंगरातली लाइन बघायला बोलावलं. वळणं डोळ्यांखालून घालायची, ट्रॉलीवरून पूल पार करायचा, गणवेशाचं माप द्यायचं. ड्रायव्हरने दाढी घोटून केली, धुतलेला शर्ट घातला आणि तिलाही चल म्हणाला. ती म्हणाली, माझे गुडघे कुठे चढणार डोंगर, तुम्ही जाऊन या. तिने त्याला डबा भरून दिला, शर्टाचं वरचं बटण लावून दिलं.

तो वळणाआड जाऊन तासभर झाला तसा भंगारवाल्याचा ट्रक आत आला. कालच बोलणं झालं होतं. दोन माणसं गॅसची टाकी आणि कटर घेऊन उतरली. शेडमध्ये शिरली आणि थांबली. त्यातला मोठा म्हणाला की बाई, काहीतरी चूक होतेय. हे चालू इंजिन आहे. नळ्या नव्याकोऱ्या आहेत.

"माझ्या नावावर आहे," ती म्हणाली. "बॉयलर आधी कापा."

"मालकांना विचारलंय का?"

"मालक मीच."

तो कानाची पाळी खाजवत उभा राहिला. मग त्याने चष्मा चढवला आणि ज्योत पेटवली. ड्रायव्हरिणीने स्टूल आणून शेडच्या दारात ठेवलं आणि बसली. आधी पाठीवरची टाकी उतरली. मग बॉयलर उघडा पडला, आणि ज्योत त्याच्या पोटातून फिरली तशी नवी नळी न् नळी तुटून खाली पडायला लागली. ठिणग्यांनी तिच्या पदराला भोकं पडली. तिने स्टूल मागे घेतलं नाही. ती मनात भावाचा चेहरा बघत होती. उद्या सकाळी तो ट्रेलर घेऊन येईल, शेडच्या दारात उभा राहील, आणि तेव्हा तो चेहरा कसा होईल. नवऱ्याचा चेहरा तिने मनात येऊ दिला नाही. येत होता, पण ती त्याला ढकलत होती.

संध्याकाळपर्यंत बॉयलरचे तुकडे झाले होते. चाकं आणि खालचा सांगाडा उद्या नेऊ म्हणून माणसं गेली.

ड्रायव्हर आला तो लांबूनच बोलत आला. डोक्यावर मंडळाने दिलेली निळी टोपी होती. पूल एकदम झकास आहे, वळणावर ठेंगी हसत हसत जाईल, असं काहीतरी तो सांगत होता. शेडच्या दारात तो गप्प झाला. मग आत गेला. एका तुकड्यावर त्याने हात ठेवला आणि झटकन काढला. लोखंड अजून गरम होतं.

त्याला बाहेर यायला खूप वेळ लागला. आला तेव्हा टोपी हातात होती.

"का गं?" त्याने विचारलं.

तिने आईचं सांगितलं. खिडकी, अंगण, हाका, पाना, सगळं एका दमात. तो नीट ऐकत होता. तिचं सांगून संपलं तेव्हा तो म्हणाला, "त्याचा राग होता, तर त्याला काही करायचं. ती माझी होती."

"माझ्या नावावर होती," ती म्हणाली. तोंडातून गेलं आणि तिला कळलं की हे बोलायचं नव्हतं. पण गेलं ते गेलं.

त्याने मान हलवली, अगदी पटल्यासारखी, आणि हात धुवायला गेला. हाताला फोड आला होता. तिने लावायला मलम आणलं. त्याने ते घेतलं आणि स्वतःच लावलं.

सकाळी ती लवकर उठली. केस विंचरले, चांगली साडी नेसली, शेडच्या दाराशी खुर्ची ठेवली. ट्रेलर आला. सेक्रेटरी उतरला, सोबत मंडळाची दोन माणसं. ती मागे सरकली आणि त्याला वाट दिली.

तो दारात थांबला. ती त्याच्याकडे बघत होती, डोळ्याची पापणी न लवता. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते आता होणार होतं.

"अरेच्चा," तो म्हणाला.

तो आत गेला. तुकड्यांना वळसा घातला, वाकला, खिशातून पट्टी काढली आणि चाकांच्या धावा मोजल्या. चाकं फिरवणाऱ्या दोन्ही सिलिंडरांत बोट फिरवून पाहिलं. मग उठून गुडघे झटकले.

"चाकांना हात लावला नाहीस ते बरं केलंस," तो म्हणाला. "सिलिंडरही शाबूत आहेत. आपलं काम होईल."

तिला कळेना. तेव्हा त्याने सांगितलं. गेल्या महिन्यात याच घडणीचं दुसरं इंजिन सापडलं होतं, एका वीटभट्टीवर. त्याचा बॉयलर ठेंगीपेक्षा चांगला, चाकं मात्र झिजलेली. दोघांतलं कोणतं चालवायचं आणि कोणतं मोडून सुटे भाग काढायचे याची चर्चा मंडळात चालू होती.

"बहुतेकांचं मत तिकडेच होतं," तो म्हणाला. "ही तशी दुसरी पसंती. मोडावीच लागली असती. तू आमचं काम वाचवलंस. भंगारवाल्याशी मी बोलतो, तो चाकं देईल."

ड्रायव्हर मागे उभा होता. तो कधी आला ते दोघांनाही कळलं नव्हतं. त्याने विचारलं, "मग त्या इंजिनावर..."

"त्यांचा ड्रायव्हर येतोय ना इंजिनाबरोबर," सेक्रेटरी म्हणाला. "तरुण आहे, हात चांगला आहे. काल तुमचं माप घेतलं ते ठेंगी चालवायची ठरली तर म्हणून. तुमचं वय झालं, मेहुणे. विम्यावाले तसंही ऐकणार नव्हते." मग त्याला काही आठवलं. "ती टोपी देता का? मोजक्याच शिवल्यात."

ड्रायव्हर आत गेला आणि टोपी वर्तमानपत्रात गुंडाळून घेऊन आला.

मंडळाची माणसं चाकं ट्रेलरवर चढवायला लागली. दोर चुकीच्या बाजूने बांधला होता, चाक घसरून एखाद्याचा पाय गेला असता. ड्रायव्हर थोडा वेळ बघत राहिला. मग त्याने पुढे होऊन दोर सोडला आणि नीट बांधून दिला. सगळं चढेपर्यंत तो तिथेच उभा राहून मागे घ्या, पुढे घ्या सांगत होता. सेक्रेटरी जाताना म्हणाला, उद्घाटनाला या दोघं. त्याला तसं खरंच वाटत होतं.

पुढे घरात भांडण झालं नाही. ड्रायव्हरिणीला ते झालेलं चाललं असतं. तो वेळेवर जेवायचा, विचारलं तर उत्तर द्यायचा, औषधं आणून द्यायचा. शेड रिकामी झाली तरी सकाळी उठून तिच्या दारापर्यंत जायचा आणि परत यायचा. एकदा तिने त्याचा हात धरला आणि म्हणाली, मला शिव्या तरी घाला. तो म्हणाला, कशाला, आणि हात सोडवून घेतला, पण हलकेच, तिला लागू नये असा.

गाडी सुरू झाली तेव्हा पेपरात फोटो आला. उद्घाटनाला ती दोघं गेली नाहीत. पण गर्दी ओसरल्यावर एक दिवस ड्रायव्हर काही न सांगता सकाळीच निघून गेला. दिवसभर ती दारात बसून होती. संध्याकाळी तो आला. शर्टावर काजळीचे बारीक कण होते.

तिने ओळखलं. पाण्याचा तांब्या पुढे केला आणि विचारलं, "कशी चालते?"

"चांगली चालते. चाकं छान फिरतात."

"इंजिनावर उभं राहू दिलं का तुम्हाला? घटकाभर?"

"नाही."

"दादाला सांगायचं ना."

"सांगितलं होतं," तो म्हणाला. पाणी पिऊन त्याने तांब्या खाली ठेवला, शर्ट काढून खुंटीला अडकवला आणि आतल्या खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून आडवा झाला. तिने थोड्या वेळाने ताट वाढलं आणि हाक मारली. तो म्हणाला, तू जेवून घे.